घरच्या घरी लोखंडावर निळा, जांभळा, सोनेरी रंग आणायचाय? मग सुरुवात अशी करा

रंगाचा डबा नाही, ब्रश नाही, केमिकल नाही, नुसतं तापवून लोखंडावर सोनेरी, तपकिरी, जांभळा आणि गडद निळा रंग आणता येतो. मुंबईतल्या वन बीएचकेमध्येसुद्धा हे आरामात जमतं, फक्त जागेचा आणि आगीचा विचार आधी करायला हवा. नवीन माणूस पहिल्यांदा टॉर्च (उजेडाचा नाही, गॅसची ज्योत फेकणारा) विकत घ्यायला धावतो, पण माझं अनेक तुकडे केल्यानंतरचं ठाम मत असं आहे की या कामात टॉर्चपेक्षा घासणं आणि पुसणं महत्त्वाचं, आणि त्याच्या खालोखाल वेळेवर थांबणं. या दोन गोष्टी जमल्या की स्वस्तातल्या टॉर्चवर पण भारी काम होतं.

आधी थोडक्यात हा रंग येतो कुठून ते बघू, कारण ते कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. स्टील हवेत तापलं की पृष्ठभागावर ऑक्साइडचा एकदम पातळ थर चढतो, काही दशक नॅनोमीटरचा वगैरे (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). प्रकाश या थराच्या वरून पण परत फिरतो आणि खालच्या धातूवरून पण, आणि हे दोन्ही एकमेकांत मिसळले की काही रंग कटतात, काही उठून दिसतात. पावसात रस्त्यावरच्या पाण्यात पेट्रोल सांडल्यावर जे रंग दिसतात ना, तोच प्रकार. म्हणजे रंग असा धातूत नसतोच, थर किती जाड झाला त्यावर तो ठरतो. थर वाढत जातो तसा रंग ठरलेल्या क्रमाने बदलतो आणि मागे कधीच येत नाही. निळ्यावरून परत सोनेरी हवा असेल तर घासून पहिल्यापासून सुरुवात, दुसरा उपाय नाही.

साध्या स्टीलवर साधारण २०० ते २२० डिग्री सेल्सियसला फिकट पिवळसर झाक येते, २३०-२४० ला छान सोनेरी, २५५-२६० च्या आसपास तपकिरी, २७०-२८० ला जांभळा, २९०-३०० ला गडद निळा, ३२० च्या पुढे फिकट निळा आणि नंतर सगळं करडं होऊन जातं. आता हे आकडे बघा, जांभळ्यापासून गडद निळ्यापर्यंत जेमतेम वीस-पंचवीस डिग्रीचा फरक आहे! म्हणूनच जांभळा पकडणं सगळ्यात कठीण. आणि वेळेचा पण हात असतो, कमी तापमानावर जास्त वेळ ठेवलं तरी रंग पुढे सरकतो, त्यामुळे आकडे अंदाजासाठी ठेवा, शेवटचा निर्णय डोळ्यांनीच घ्यायचा.

कुठला धातू घ्यायचा

पहिल्या कामासाठी एमएसची म्हणजे माइल्ड स्टीलची पट्टी घ्या, २५ मिमी रुंद, ३ मिमी जाड, वीतभर लांब. यातून पुढे दारामागे किल्ल्या अडकवायची पट्टी मस्त होते. दुकानात ब्राइट पट्टी म्हणजे वर काळी खपली नसलेली पट्टी मागा, कारण साधी काळी पट्टी घेतलीत तर तिच्यावर रोलिंगच्या वेळची काळी खपली असते आणि ती पूर्ण निघाल्याशिवाय रंग दिसतच नाही, घासून घासून हात दुखून येतात. मशीद बंदर किंवा सीएसएमटीला उतरून नागदेवी स्ट्रीटला गेलात तर पट्ट्या, नट-बोल्ट, पॉलिश पेपर, पक्कड सगळं एकाच फेरीत होतं. तिकडे सरळ सांगा, "काका, प्लेन एमएस द्या, झिंकवालं नको."

हे झिंकचं मी परत सांगतोय कारण यात खरंच धोका आहे. बाजारात मिळणारे चकचकीत पांढरे किंवा पिवळसर बोल्ट, ब्रॅकेट, वॉशर यांच्यावर बहुतेक वेळा झिंकचं प्लेटिंग असतं, जीआय म्हणजे जस्ताचा (झिंकचा) मुलामा दिलेल्या पाइपवर पण तेच. टॉर्चची ज्योत अशा भागावर मारली की झिंकचा धूर निघू शकतो आणि तो छातीत गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, वेल्डिंग करणाऱ्या लोकांना हे चांगलं माहीत असतं. पिवळ्या प्लेटिंगमध्ये क्रोमियमची संयुगं असू शकतात, ती तर आणखी वाईट. क्रोम प्लेटिंगवाले जुने नळ, हँडल, भंगारात मिळालेला कुठलाही प्लेटिंगचा भाग, सगळं बाजूला ठेवा. प्लेटिंग आहे की नाही कळत नसेल तर तो तुकडा वापरायचाच नाही, एमएस काही एवढं महाग नाही.

स्टेनलेसवर पण रंग येतो, आणि त्याचा निळा तर माझ्या डोळ्यांना साध्या स्टीलपेक्षा जास्त खोल वाटतो. बोल्टच्या डोक्यावर ए२ लिहिलेलं असेल तर तो ३०४ जातीचा. फक्त त्याला उष्णता खूप जास्त लागते, फिकट पिवळा २९० च्या आसपास, तपकिरी ३९० ला, जांभळा ४२० ते ४५०, आणि निळ्यासाठी ५४० च्या वर जावं लागतं. बुलेटच्या सायलेन्सरचा बेंड पाइप इंजिनजवळ आपोआप सोनेरी-निळा होतो तोही उष्णतेमुळेच. एक गोष्ट मात्र लोक सांगत नाहीत: स्टेनलेस जिथे रंगतं तिथे त्याची गंज न लागण्याची ताकद कमी होते, कारण त्या थराखालचं क्रोमियम घटतं. आपल्याकडे समुद्राची खारी हवा, वरळी-वांद्र्याला खिडकीबाहेर ठेवलेल्या रंगवलेल्या स्टेनलेसवर तांबूस डाग यायला फार वेळ लागणार नाही. घरात ठेवायच्या वस्तूंना काही हरकत नाही.

तांब्याचा पातळ पत्रा हा वेगळाच खेळ आहे. केशरी, गुलाबी-लाल, जांभळट, मध्येच चंदेरी-सोनेरी असे ठिपके येतात आणि तांब्यातून उष्णता भराभर पसरत असल्यामुळे रंग जागेवर राहत नाही, ढगासारखा पसरतो. पायधुणीजवळ तांबाकाट्याला तांब्या-पितळेची दुकानं आहेत, तिकडे पत्र्याची चौकशी करा. टायटॅनियमवर सगळ्यात झगझगीत रंग येतात पण महाग आहे, आणि त्याचा कोरडा बारीक कीस पेट घेतो, म्हणून ते घासायचं झालं तर पाण्यात ओलं करूनच. ॲल्युमिनियमवर असा रंग येत नाही, त्याच्या नादी लागू नका.

आणि काय तापवायचं नाही ते पण लिहून ठेवतो. गाडीचे ब्रेकचे, एक्सलचे, स्टीअरिंगचे बोल्ट नाही. स्प्रिंग, बेअरिंग, सुरीचं पातं, छिन्नी नाही, कारण टेंपर केलेलं, म्हणजे कडक करून ठरावीक तापमानाला परत तापवलेलं स्टील निळ्यापर्यंत नेलं तर ते मऊ पडू शकतं. दोन्ही बाजूंनी बंद असलेली पोकळ नळी अजिबात नाही, आतली हवा किंवा ओल तापून ती फुटते.

घासणं आणि पुसणं, इथे घाई नको

पट्टीच्या कडा कानशीने मारून घ्या. मग पॉलिश पेपर १२० किंवा २२० नंबरपासून सुरू करून ४०० आणि ८०० पर्यंत जा. प्रत्येक नंबरला आधीच्या नंबरचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत घासायचं, आणि शेवटच्या नंबरला सगळे हात एकाच दिशेने. इथे राहिलेला एकेक ओरखडा रंग आल्यावर दुप्पट दिसतो. आरशासारखं पॉलिश केलंत तर रंग झळाळून येतो, मॅट ठेवलंत तर तोच निळा जरा शांत, करडेपणाकडे झुकणारा वाटतो. मला स्वतःला ८०० वर थांबून एका दिशेच्या बारीक रेषा ठेवलेल्या आवडतात, कारण तशा तुकड्यावर बोटाचे ठसे नंतर कमी दिसतात.

आता पुसणं. बफिंगचा साबण, मेटल पॉलिश, तेल, हाताचा घाम, यातलं काहीही पृष्ठभागावर राहिलं तर तिथे डाग पडणार म्हणजे पडणारच. आधी भांड्यांच्या साबणाने आणि गरम पाण्याने स्वच्छ धुवा, कापडाने कोरडं करा, मग ॲसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल स्वच्छ सुती कापडावर घेऊन पुसा, कापड काळं यायचं थांबेपर्यंत. यानंतर उघड्या बोटाने स्पर्श नाही! मे महिन्यात मुंबईत आपले हात कायम घामट असतात, आणि एका बोटाचा ठसा निळ्यात असा स्पष्ट उमटतो की रेषा मोजता याव्यात. टिश्यूने किंवा स्वच्छ सुती ग्लोव्ह घालून कडेने धरा. पुसल्यावर ॲसिटोनची बाटली झाकण लावून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा आणि तुकडा पूर्ण सुकू द्या, ते कापडसुद्धा तिथे ठेवू नका, ॲसिटोन क्षणात पेटतं. गाड्यांसाठीचा ब्रेक क्लीनर वापरायचा मोह टाळा, काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनवाली द्रावणं असतात आणि ती तापली की विषारी वायू होतो.

जागा

हवा खेळती पाहिजे पण पंखा बंद, पंख्याने ज्योत हलते आणि रंग वेडावाकडा येतो. बाल्कनीत करणार असाल तर आधी दोरीवरचे कपडे काढा, ग्रिलला लटकवलेल्या कुंड्या, प्लास्टिकच्या बादल्या, शेजाऱ्यांचं वर वाळत घातलेलं बेडशीट सगळं बघा. गच्ची मिळाली तर उत्तम, पण सोसायटीला विचारून. किचनच्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा लादीवर थेट ज्योत मारू नका, तडकते. भट्टीची वीट म्हणजे फायर ब्रिक घ्या. साधी लाल वीट ओल धरलेली असेल तर तीही तडकू शकते. सुती कपडे, चामड्याचे ग्लोव्ह, डोळ्यांना चष्मा, शेजारी पाण्याची बादली. लहान मुलं आणि मांजर दाराबाहेर. तुकडा ३०० डिग्रीला पण लालभडक दिसत नाही, अगदी गार झाल्यासारखा वाटतो, म्हणून घरातल्यांना सांगून ठेवा की विटेवरच्या कशालाही हात लावायचा नाही.

टॉर्चने, पायरीपायरीने

ब्युटेनच्या कॅनवर बसणारं टॉर्चचं मुंडकं किंवा किचनमध्ये वापरतात तो छोटा टॉर्च दोन्ही चालतात, क्रॉफर्ड मार्केटमध्ये बेकिंगच्या सामानाच्या दुकानांत विचारा. कॅन शक्यतो उभा धरा, उलटा केला की द्रव गॅस बाहेर येऊन ज्योत भसकन मोठी होते. गॅस भरायचा असेल तर टॉर्च पूर्ण गार झाल्यावर, आणि आसपास कुठलीही ज्योत नसताना.

पट्टी विटेच्या कडेवर अशी ठेवा की अर्धी बाहेर राहील, किंवा सांडशीने एका टोकाला धरा. ज्योत खालून द्यायची आणि वरचा भाग बघत राहायचा, ही सगळ्यात कामाची सवय. वरून ज्योत मारली तर उजेडात रंग दिसत नाही आणि जिथे ज्योत टेकते तिथे एकदम पुढचा रंग येऊन जातो.

सुरुवातीला गार पट्टीवर ज्योत आली की धुक्यासारखी वाफ धरते, गॅस जळताना पाणी तयार होतं ते गार धातूवर साठतं. पावसाळ्यात हे जास्तच दिसतं. तशीच मोठी आच दिली तर त्या थेंबांच्या जागी ठिपके राहतात, म्हणून आधी ज्योत लांब धरून सगळी पट्टी कोमट करून घ्या, धुकं उडेपर्यंत, आणि मगच जवळ या. नंतर ज्योत एका जागी न थांबवता हळूहळू लांबीभर फिरवा.

थोडा वेळ काहीच होत नाही आणि मग कडेला हलका पिवळा येतो, एवढा हलका की शंका येते. इथून पुढे पापणी मिटायची नाही! पिवळा गडद होत सोनेरी होतो, त्याच्या मागून तपकिरी पट्टा सरकत येतो, मग जांभळा, मग निळा, आणि हे पट्टे एकामागोमाग एक ज्योतीपासून दूर पळत जातात. कडा आणि कोपरे पातळ असल्यामुळे आधी तापतात, म्हणून ज्योत मधल्या जाड भागाखाली जास्त वेळ ठेवा. भोक पाडलेलं असेल तर त्याच्या भोवती पण रंग लवकर येतो.

थांबायचं कधी? हवा असलेल्या रंगाच्या एक पायरी आधी. ज्योत काढली तरी जाड भागातली उष्णता पसरत राहते आणि रंग पुढे जातच राहतो. निळा हवा असेल तर जांभळा पूर्ण भरला की ज्योत बाजूला करा आणि बघा, बऱ्याचदा उरलेल्या उष्णतेनेच तो निळा होतो. नाही झाला तर अर्ध्या सेकंदाची आच परत द्या. थोडी थोडी आच देऊन वाट बघणं हे सलग तापवण्यापेक्षा कधीही बरं. रंग बरोबर जागी आला की पट्टी सांडशीने उचलून पाण्याच्या बादलीत बुडवा, चर्र होईल, हात लांब ठेवा. गरम तुकडा तेलात बुडवू नका, घरातलं तेल ३०० डिग्रीच्या धातूवर धूर सोडतं आणि पेटूही शकतं. पाण्यातून काढली की लगेच पुसून कोरडी करा, आपल्या हवेत ओलं उघडं स्टील तासाभरात गंजायला लागतं.

उजेडाबद्दल एक. दिवसा खिडकीजवळ काम करा. पिवळ्या बल्बखाली सोनेरी आणि तपकिरी यात फरकच कळत नाही. आणि इन्फ्रारेडचं थर्मामीटर घेऊन बसू नका, चकचकीत धातूवर ते खरं तापमान दाखवत नाही, बरंच कमी दाखवतं.

सगळीकडे एकसारखा रंग हवा असेल तर वाळू

टॉर्चने पट्टे-पट्टे सुंदर येतात, पण बोल्टची डोकी, वॉशर, छोटे हुक असे एकाच निळ्यात सगळे हवे असतील तर वाळूची कढई लावा. जुनी लोखंडी कढई, त्यात दोन-तीन बोटं बारीक कोरडी वाळू. चौपाटीवरची वाळू नको, तिच्यात मीठ असतं. बांधकामाच्या सामानवाल्याकडची नदीची वाळू धुऊन, चाळून, आधी कढईत भाजून पूर्ण सुकवून घ्या. नॉनस्टिक कढई चालणार नाही, तिचं कोटिंग २६० डिग्रीच्या पुढे खराब होऊन धूर सोडतं. काचेच्या टॉपच्या शेगडीवर एवढा वेळ तापलेली जड कढई ठेवू नका, साधी स्टीलची शेगडी घ्या, खिडकी उघडी ठेवा.

मध्यम आचेवर वाळू तापू द्या, मधूनमधून ढवळा, आणि मग तुकडे वाळूवर असे बसवा की खालचा भाग रुतलेला असेल आणि दिसणारा भाग वर. इथे रंग निवांत सरकतो, विचार करायला वेळ मिळतो, आणि नवीन माणसाला मी तर टॉर्चच्या आधी हेच करायला सांगेन. एखादा तुकडा मागे राहिला तर चिमट्याने उचलून मधोमध ठेवायचा. जुन्या घड्याळांमधले ते निळे स्क्रू आणि काटे असेच करतात, फक्त घड्याळवाले वाळूऐवजी पितळेचा कीस घेतात, त्यातून उष्णता जास्त एकसारखी पोचते.

ओटीजी म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन असेल तर तो साधारण २५० पर्यंतच जातो, म्हणजे सोनेरी ते तपकिरी मिळेल, निळा विसरा. पण सोनेरीसाठी तो एकदम भरवशाचा. तुकडा साबण-ॲसिटोनने स्वच्छ झालेला असला पाहिजे, आणि खायच्या पदार्थांसोबत एकाच वेळी नाही.

रंग टिकवायचा कसा

थर इतका पातळ असल्यामुळे तो घासला की जातो आणि गंजापासून फारसं वाचवतही नाही. म्हणून वरून काहीतरी हवंच. मी मेण लावतो, गाडीच्या पॉलिशचं साधं वॅक्स किंवा मधमाशीचं मेण. तुकडा हाताला सोसवेल इतका कोमट असताना पातळ थर, दहा मिनिटांनी मऊ कापडाने पुसायचं. क्लिअर लॅकरचा स्प्रे जास्त दिवस टिकतो, पण तो मारला की निळा जरा फिका, मळकट दिसायला लागतो, कारण थराच्या वर आता हवेऐवजी लॅकर असतं आणि प्रकाशाचं गणित बदलतं. त्यामुळे आधी एखाद्या फालतू तुकड्यावर मारून बघा आणि मगच चांगल्या कामावर. तांब्याला मात्र लॅकर लावाच, नाहीतर आपल्या दमट हवेत महिन्या-दोन महिन्यांत रंग मंद पडतो. रंगवलेलं तांबं खाण्यापिण्याच्या भांड्यासाठी वापरू नका.

पट्टी भिंतीला लावताना भोकातून स्क्रू आवळतो तिथे आधी रंग खरवडतो, म्हणून स्क्रूखाली फायबरचा पातळ वॉशर घाला. किल्ल्यांचा हुक जिथे सारखा घासतो तिथे काही महिन्यांत उघडं स्टील दिसू लागेल, तेवढा हुक काढून ४०० च्या पेपरने साफ करा, परत पुसून वाळूत ठेवा. जून उजाडायच्या आधी एकदा सगळ्या तुकड्यांना मेणाचा नवीन हात द्या आणि बाथरूमच्या भिंतीला लागून असलेली जागा शक्यतो टाळा.